रोजकीर्द नको, खतावणी बघा: मनगटावरच्या घड्याळाचा हिशेब

श्रावणातला सोमवार होता. संध्याकाळी उपास सोडायला आणलेला दुधी ओट्यावर पडला होता. मला काय सुचलं कोण जाणे, मनगटावरचं घड्याळ काढलं, दुधीच्या मानेला घट्ट बांधलं आणि नाडी मोजायला लावली. पाठीमागचे हिरवे दिवे लुकलुकले, पडद्यावरचं चाक गरगरलं आणि थोड्या वेळानं आकडा आला: ७४. माझी स्वतःची त्या वेळी ७९ होती. म्हणजे दुधीची तब्येत माझ्यापेक्षा बरी.

सासूबाई हसून म्हणाल्या, "मग चिरू नकोस गं त्याला, जीव आहे त्यात."

घड्याळ लेकीनं पुण्याहून पाठवलेलं, माझ्या पन्नाशीची भेट. त्या दिवशी ते परत खोक्यात घालावंसं वाटलं होतं. घातलं नाही ते बरं झालं, ते का हे पुढं येईलच. आधी दुधीचं कोडं सोडवते. घड्याळाच्या पाठीला हिरवा दिवा असतो, कारण तांबडं रक्त हिरवा उजेड शोषून घेतं. ठोका पडला की मनगटात रक्त जरा वाढतं, परत येणारा उजेड जरा कमी होतो. दोन ठोक्यांच्या मध्ये उलटं. या कमीजास्त होण्यातून घड्याळ ताल शोधतं. दुधीत रक्त नाही, पण सालीवरून परतणारा उजेड थोडाफार हलतोच, आणि ताल शोधायला बसवलेल्याला कुठंही ताल सापडतो. काही घड्याळं समोर माणसाची कातडी नाही हे ओळखून गप्प बसतात, पण तीही फसतात. तेव्हा घड्याळ अंदाज बांधतं, एवढं पहिल्या दिवसापासून धरून चालायचं.

मी साताऱ्यात एका पतसंस्थेत सव्वीस वर्षं हिशेब लिहिते. आमच्याकडं रोजकीर्द असते, दिवसभरात काय आलं-गेलं ते त्यात. आणि खतावणी असते, एकेका खात्याचं वर्षभराचं पान. रोजकीर्दीत चूक होते, कधी ६९ चे ९६ पडतात. पण कुणाचं खातं बरं चाललंय आणि कोण हळूहळू बुडायला लागलाय हे खतावणीचं पान उघडल्याशिवाय कळत नाही. घड्याळ रोजकीर्द उत्तम लिहितं. खतावणी आपली आपण काढावी लागते. ती कशी, ते सांगते.

घेण्याआधी

आम्ही आठ-दहा जणी पहाटे साडेपाचला अजिंक्यताऱ्याच्या रस्त्याला लागतो. त्यातल्या पाच जणींच्या हातात घड्याळ आहे आणि पाचही जणींचं त्याच्याशी नातं वेगळं. एकजण हिल मॅरेथॉन पळते, ती २०१२ पासून सुरू झालेली यवतेश्वर घाटातली. तिला चढाला नाडी कुठवर जाते आणि किलोमीटरला किती मिनिटं लागतात हे बघायचं असतं, तिच्या पैशाचं चीज झालंय. दुसरीच्या घरी मालकांची बायपास झाली आणि तिला स्वतःचीच धास्ती बसली. तिसरीनं जावेकडं आहे म्हणून घेतलं (हेही कारण असतंच, कशाला लपवायचं). चौथी मी. पाचवीनं तीन महिन्यांत काढून कपाटात टाकलं. सकाळी छान टवटवीत उठायची, मग झोपेचे गुण बघायची, १०० पैकी ५८, आणि दिवसभर मरगळलेली. झोपेच्या आकड्यांपायी झोप उडण्याच्या या प्रकाराला अमेरिकेतल्या तज्ज्ञांनी २०१७ मध्ये ऑर्थोसोम्निया असं नावच देऊन टाकलंय. नाव कळल्यावर तिला बरं वाटलं. घड्याळ मात्र कपाटातच आहे.

म्हणून दुकानात जायच्या आधी कागदावर एक ओळ लिहा: मला काय जाणून घ्यायचंय? "मी दिवसात खरंच किती चालते" हा प्रश्न चालेल. "माझी तब्येत कशी आहे" हा चालणार नाही, त्याला घड्याळाकडं उत्तर नाही. नुसत्या चालण्याचा प्रश्न असेल तर दीड-दोन हजारांचं घड्याळही पुरतं. पळणार असाल, किंवा डॉक्टरांनी हृदयाच्या अनियमित ठोक्यांवर लक्ष ठेवायला सांगितलं असेल, तर मात्र पैसे घालावे लागतात.

दुकानात तीन गोष्टी बघा. उन्हात नेऊन पडदा दिसतो का, चष्म्याशिवाय आकडा वाचता येतो का, आणि एकदा चार्ज केल्यावर किती दिवस चालतं. तिसरी गोष्ट बायका विचारत नाहीत आणि तिथंच फसतात. ज्या घड्याळाला रोज रात्री चार्जिंगला लावावं लागतं ते रात्रीची नाडी लिहिणार कधी? मी माझं आंघोळ आणि पूजा होईपर्यंत लावते, तेवढ्यात भागतं.

आणि "सुई न टोचता शुगर दाखवतं" असं कुणी सांगितलं की नमस्कार करून बाहेर पडा. कातडीला न टोचता साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला होता. त्या आकड्यावर विसंबून कुणी इन्सुलिनचा डोस कमीजास्त केला तर जिवावर बेतेल. रक्तदाबाचंही बेतानंच घ्या. जी नावाजलेली घड्याळं तो दाखवतात त्यांतल्या बहुतेकांनाही आधी दंडाच्या पट्ट्याच्या यंत्राशी जुळवून घ्यावं लागतं, आणि हे जुळवणं ठरावीक दिवसांनी पुन्हा करावं लागतं. मग पट्ट्याचं यंत्रच घरी ठेवलेलं काय वाईट?

हातावर बसवणं

दागिन्यासारखं घातलं तर घड्याळ दागिन्याइतकंच सांगतं. मनगटाचं हाड जिथं वर येतं, त्याच्यापासून एक बोट कोपराकडं सरकवा. पट्टा इतका घट्ट की हात झटकला तर घड्याळ घसरू नये, पण खाली करंगळीचं टोक जावं. चढ चढताना आणखी एक भोक घट्ट करा, खाली उतरलं की सैल.

बांगड्या हा आपला खास प्रश्न. मी आधी डाव्या हातात चार बांगड्या आणि त्यांच्या मागं घड्याळ घालत होते. बांगड्या घड्याळाला ढकलायच्या, उजेड आत शिरायचा, आणि बसल्या जागी नाडी ११८. आता बांगड्या उजव्या हातात, घड्याळ एकटं डाव्यात. सणासुदीला दोन्ही हात भरायचे असतील तर त्या दिवशी घड्याळ काढून ठेवते. एक दिवस नोंद नाही पडली तर काही बिघडत नाही.

गोंदणाचं मात्र कुणी सांगितलं नव्हतं. सासूबाई ऐंशीच्या पुढच्या, त्यांच्या दोन्ही मनगटांवर गोंदण आहे, हिरवट झालेलं. मोठ्या हौसेनं त्यांना माझं घड्याळ बांधलं तर ते नुसतं फिरत राहिलं, मग कधी ४३, कधी १३०. कातडीतली शाई घड्याळाचा उजेड अडवते. हल्लीच्या पोरांच्या टॅटूचंही तेच. बिघाड घड्याळातही नाही आणि माणसातही, त्या जागी ते वाचू शकत नाही एवढंच. थंडीत हात गार पडले की सुद्धा असंच होतं. डिसेंबरात पहाटे मी आधी हात चोळते आणि मगच बघते.

भांडी घासताना साबणाचं पाणी पट्ट्याखाली जातं आणि तिथंच मुरतं. मला पहिल्या महिन्यात रुपयाएवढा लाल चट्टा उठला. मला वाटलं रबर बाधलं. पुतण्या म्हणाला, काकू, रोज रात्री पट्टा साध्या पाण्यानं धुवा, कोरडा करा, हातही पुसा. आठवड्यात चट्टा गेला. नाही गेला तर पट्टा कापडी घ्यावा.

आणि फोनमध्ये वय, उंची, वजन खरं भरा. घड्याळाकडं वजन चोरून काय मिळणार? चाळीस मिनिटांच्या चालण्यात किती खर्च झाला हे ते त्यावरूनच काढतं. अर्थात किती कॅलरी जळल्या हा आकडा मी बघतच नाही. २०१७ मध्ये अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठवाल्यांनी अशी सात मनगटी यंत्रं तपासली होती. सहा यंत्रांची नाडीतली चूक पाच टक्क्यांच्या आत होती, पण कॅलरीत सगळ्यात बऱ्या यंत्राचीही चूक सरासरी २७ टक्के, सगळ्यात वाईटाची ९३. आमच्या संस्थेत एवढी तफावत निघाली तर चौकशी लागेल. "४०० जळाल्या, म्हणून एक कंदी पेढा चालेल" हा हिशेब त्यामुळं बाद. पेढा खायचा तर तसाच खावा.

पहिले पंधरा दिवस नुसतं बघा

नवं घड्याळ आलं की लोक त्याच दिवसापासून सुधारायला लागतात. नका लागू. पंधरा दिवस जसं जगता तसं जगा, म्हणजे तुमची सुरुवातीची शिल्लक कळेल. ती कळल्याशिवाय पुढं वाढलं की घटलं कशावरून म्हणणार?

या दिवसांत घड्याळाची परीक्षा घ्या. सरळ रस्त्यावर मनात शंभर पावलं मोजा आणि बघा त्यानं किती लिहिली. माझं ९६ ते १०३ च्या मध्ये सांगतं, ठीक आहे. मग पोळ्या लाटा. मी डावखुरी नाही आणि घड्याळ डाव्या हातात, तरी वीस पोळ्यांना १४० पावलं पडली. उजव्या हातात बांधून लाटल्या तर चारशेच्या वर. पोवई नाक्यावरून राजवाड्याला स्कूटरनं गेले, रस्ता उकरलेला होता, पोचेपर्यंत सव्वाशे पावलं झाली. उलट मंडईतून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन आले तर निम्मी पावलं गायब, कारण हात हललेच नाहीत. वॉकर धरून चालणाऱ्या म्हाताऱ्या माणसांचंही हेच होतं. दिवसभर चालूनही घड्याळ त्यांना "उठा, हला" म्हणत राहतं.

दहा हजार पावलांचं भूत मात्र उतरवून टाका. तो आकडा डॉक्टरांचा नाही. १९६४ ची तोक्यो ऑलिंपिक झाली, त्याच्या पुढच्या वर्षी जपानमध्ये यामासा कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र काढलं, त्याचं नाव मानपो-केई, म्हणजे दहा हजार पावलांचं मापक. तिथून तो आकडा जगभर पसरला. पुढं २०१९ मध्ये अमेरिकेत सोळा हजारांवर वयस्क बायकांची पावलं मोजून अभ्यास छापला गेला. त्यांचं सरासरी वय ७२. दिवसाला साधारण २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांचं मरणाचं प्रमाण बरंच कमी होतं, आणि ७,५०० च्या आसपास फायदा वाढायचा थांबला. आमच्यातली जावेवाली रात्री साडेदहाला पलंगावर बसून हात हलवून ९,७०० चे १०,००० करते. तिला हे तीनदा सांगून झालंय.

मी पावलांपेक्षा मिनिटं धरते. बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, इतक्या वेगाच्या चालण्याची मिनिटं. जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला १५० ते ३०० सांगते. पहिल्या पंधरवड्यात माझी आठवड्याची निघाली ७०. मला वाटत होतं मी दिवसभर राबते, आणि राबतेच, पण दम लागेल असं त्यात जवळजवळ काही नव्हतं. हे घड्याळानं दाखवलं, त्याचं श्रेय त्याला.

खतावणीची वही

दर रविवारी चहा घेता घेता मी जुन्या डायरीत एक ओळ लिहिते. तीन रकाने. आठवड्याची सरासरी विश्रांतीची नाडी, चालण्याची मिनिटं, आणि झोपेचे तास. चौथा रकाना शेऱ्याचा: "ताप", "लग्न, कोल्हापूर", "पाळी", "ऑडिट". बाकी आकडे फोनमध्ये पडून राहू देत. गाढ झोप किती आणि स्वप्नांची किती हे तर लिहूच नका. झोपेचे टप्पे खरे कळतात ते डोक्याला तारा लावून मेंदूच्या लहरी मोजल्यावर. मनगटावरून फक्त हालचाल आणि नाडी बघून आडाखे बांधले जातात. कधी झोपलात, कधी उठलात एवढं बऱ्यापैकी कळतं, तेवढंच घ्या.

विश्रांतीची नाडी म्हणजे स्वस्थ पडल्यावरची. मोठ्या माणसांत ६० ते १०० सर्वसाधारण धरतात, पण या पट्ट्यात तुमचा आकडा कोणता आणि तो कुठं सरकतोय हे महत्त्वाचं. शेजारणीची ६४ आणि माझी ७४ यावर भांडण नको. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी नाडी मंदावणारी गोळी चालू असेल तर तुमचा आकडा मुळातच खाली असणार, आणि व्यायामात "नाडी अमुकवर न्या" हे घड्याळाचं फर्मानही तुम्हाला लागू नाही. तिथं डॉक्टरच सांगतील.

माझ्या वहीत पहिल्या वर्षी काय दिसलं? मार्चएंडच्या दोन आठवड्यांत झोप साडेसहा तासांवरून पाचवर आणि नाडी सहानं वर. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात परत जागेवर. ताप यायच्या आदल्या रात्रीही ती चढलेली होती, पण हे मला ताप येऊन गेल्यावर कळलं. जेवण झाल्यावर पंधरा मिनिटं गल्लीत फेरी सुरू केली आणि पाच महिन्यांत नाडी ८० वरून ७४ वर आली. इथवर सगळं गोड.

मग दिवाळीनंतर आकडा सरकू लागला. ७५, ७७, ७८, ८१. एका दिवसात काहीच वाटण्याजोगं नव्हतं, घड्याळानंही कधी इशारा दिला नाही, कारण त्याच्या लेखी ८१ अगदी ठीक. पण सहा रविवारच्या सहा ओळी एकाखाली एक लिहिलेल्या होत्या, आणि शेऱ्याच्या रकान्यात एकदाही "ताप" नव्हता. किल्ल्याच्या चढाला मी दुसऱ्या वळणावर थांबायला लागले होते, त्याला वय म्हणत होते. वही घेऊन डॉक्टरबाईंकडं गेले. त्यांनी घड्याळाकडं पाहिलंसुद्धा नाही, वही पाहिली. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, पाळीचं विचारलं, आणि रक्त तपासायला दिलं. हिमोग्लोबिन ८.९. बाईचं किमान १२ असावं लागतं. पाळी जायच्या वयातला जादा रक्तस्राव आणि मी तो दोन वर्षं "असतंच" म्हणून सोडून दिलेला. रक्तात हिमोग्लोबिन कमी, म्हणून हृदयाला तेच काम जास्त ठोक्यांत करावं लागत होतं. सोनोग्राफी झाली, औषधं आणि लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. तीन महिन्यांनी आकडा ७५ वर.

घड्याळाला पांडुरोग, म्हणजे रक्त कमी असणं, कळला नव्हता, कळणारही नव्हता. आपल्या देशात २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या १०० पैकी ५७ बायकांत रक्त कमी निघालं. तेव्हा हे ओढवलेली मी काही एकटी नाही.

घाबरवणारे इशारे

पहिल्याच पावसाळ्यात एका रात्री अडीचला जाग आली, सवयीनं पडद्यावर बघितलं, ऑक्सिजन ८८. कोरोनात ९४ च्या खाली गेलं की धावपळ करायची हे डोक्यात इतकं भिनलंय की मी ह्यांना उठवलं, ह्यांनी दिवा लावला, कपाटातून बोटाला लावायचं ऑक्सिमीटर काढलं तर आत सेल फुटून हिरवा थर चढलेला. पहाटेपर्यंत दोघं बसून. सकाळी दवाखान्यात बोटाला लावलं तर ९७. मी डाव्या कुशीवर, घड्याळाचा हात अंगाखाली दाबून झोपले होते. दाबलेल्या हाताचा आकडा खोटा येतो.

त्या दिवशी मी ऑक्सिजन, ताण, "शरीराची ऊर्जा" हे सगळे इशारे बंद केले. अनियमित ठोक्यांचा तेवढा चालू ठेवलाय. अमेरिकेत चार लाखांवर लोकांवर या इशाऱ्याचा अभ्यास झाला, त्यात १०० मध्ये एकालासुद्धा तो आला नाही, जेमतेम अर्धा टक्का. म्हणजे येता-जाता भुंकणारा तो नव्हे. आलाच तर डॉक्टरकडं जाऊन खरा ईसीजी काढायचा, आणि तो नीट आला तरी पुढं काय ते डॉक्टरांनाच ठरवू द्यायचं.

काही महागड्या घड्याळांत ईसीजी निघतो, ३० सेकंद बोट ठेवून. तो एकाच बाजूनं बघितलेला असतो, दवाखान्यातला बारा बाजूंनी. घड्याळाच्या ईसीजीत हार्ट अटॅक कळत नाही, हे बनवणारेच लिहून देतात. म्हणून छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, नुसता दम लागून गळून जाणं, यातलं काही झालं तर घड्याळ काय म्हणतंय ते बघत बसायचं नाही. १०८ ला फोन.

डॉक्टरकडं जाताना फोनवरचे रंगीत आलेख दाखवू नका, त्यांना तेवढा वेळ नसतो. वहीचं एक पान, वर चालू गोळ्यांची नावं, खाली शेवटच्या आठ-दहा ओळी. माझ्या डॉक्टरबाई त्याचा फोटो काढून ठेवतात.

आणि आठवड्यातून एकदा दोन बोटांनी स्वतःची नाडी मोजा, घड्याळाचा आकडा झाकून. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या आतल्या बाजूला, तीस सेकंद, मग दुप्पट. दोन-चारचा फरक चालतो. दहाचा पडला तर पट्टा बघा, हात गार आहे का बघा.

सासूबाईंची नाडी आता दर रविवारी अशीच बघते. घड्याळ माझ्या डाव्या हातात, त्यावर फक्त सेकंद काटा लावलेला, आणि उजव्या हाताची दोन बोटं त्यांच्या गोंदणावर. परवा तीस सेकंदांत छत्तीस भरले. "बहात्तर," मी म्हटलं.

"दुधीपेक्षा दोन कमीच की गं," त्या म्हणाल्या. "लिही वहीत."